एका ‘एक्स’चा मामला

बोनस खात्यात जमा झाला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तीन विषय हमखास निघतात: बाइक, गोवा आणि नवा पीसी. पहिल्या दोन विषयांत माझं मत कुणी विचारत नाही. तिसऱ्यात मात्र सगळे गळ्यात पडतात. आणि प्रश्न ठरलेला, ‘साधा प्रोसेसर घेऊ की एक्सवाला?’

एएमडीच्या रायझन ५ ७६०० आणि रायझन ५ ७६००एक्स या जोडगोळीचंच बघा. ७६००एक्स सप्टेंबर २०२२मध्ये आला. अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर. साधा ७६०० आला जानेवारी २०२३मध्ये, २२९ डॉलरला. म्हणजे धाकटा ७० डॉलरने स्वस्त, वर त्याच्या बॉक्समध्ये कूलरही फुकट! एक्सवाल्याला कूलर वेगळा घ्यावा लागतो. दुकानातले भाव रोज बदलतात, पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

कुंडली तर जुळते!

दोघांत सहा कोअर, बारा थ्रेड. दोघांत ३२ एमबी एल-३ कॅश. सॉकेट एकच, एएम५. रॅम दोघांनाही डीडीआर५च लागते. ऑफिसचं काम आणि सिनेमे यांना पुरेल इतकं ग्राफिक्स दोघांच्याही पोटात आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तरी चालतं.

मग फरक कुठे? हापूसची प्रतवारी आठवा. एकाच बागेतला आंबा, पण नग बघून पेट्या वेगळ्या भरतात. चिपचंही तसंच. कारखान्यात प्रत्येक चिप तपासली जाते. कुठली किती वेगात, किती विजेवर नीट चालते ते बघून तिच्यावर नाव पडतं. झाड एकच, पेटी वेगळी.

स्पीडचा फंडा

डब्यावर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो बेस क्लॉक. एक्सचा ४.७ गिगाहर्ट्झ, साध्याचा ३.८. बाप रे, केवढा फरक! पण थांबा. बेस म्हणजे किमान हमी. नेहमीच्या कामात दोघेही त्याच्या बरेच वर धावतात. बघायचा तो कमाल वेग. एक्सचा ५.३, साध्याचा ५.१. फरक चार टक्क्यांच्याही आत.

आता हे तुमच्या कामात मांडा. एक्सेलची अवजड शीट उघडायला साध्याला पाच सेकंद लागत असतील, तर एक्सला ४.८. गेममध्ये याला शंभर फ्रेम्स मिळत असतील, तर त्याला फार तर एकशेचार, तेही ग्राफिक्स कार्डाने आधीच हात टेकले नसतील तर! सगळे कोअर एकदम जुंपणाऱ्या व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये फरक थोडा वाढतो, पण एक तासाच्या कामात वाचतात ती तीन-चार मिनिटंच. तेवढ्यात टपरीवरचा चहाही होत नाही.

गरम डोक्याचा भाऊ

वेगाची किंमत फक्त दुकानात मोजावी लागत नाही. साध्या ७६००चं रेटिंग ६५ वॅट, एक्सचं १०५. सॉकेटमधून ओढायच्या विजेची कमाल मर्यादा साध्याला ८८ वॅट, एक्सला १४२. म्हणजे चार टक्के जास्त वेगासाठी मर्यादा दीडपटीहून वर! बाइकचं गणित आहे हे. साठच्या स्पीडला मायलेज झकास, नव्वदला टाकी रिकामी. चिपला शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज झपाट्याने चढते.

बिलाचं टेन्शन घेऊ नका, महिन्याला दोन-चार युनिटचा प्रश्न आहे. खरा प्रश्न उष्णतेचा. मे महिना, वन-रूम-किचन, दार लावून वर्क फ्रॉम होम, आणि टेबलाखाली घोंघावणारा पंखा. मीटिंगमध्ये समोरच्याला तुमच्याऐवजी तोच ऐकू येणार.

माझ्या मावसभावाचा किस्सा सांगतो. दिवसा नोकरी, रात्री लग्नाचे व्हिडिओ एडिट करून जोडकमाई. पीसीसाठी वर्षभर पैसे साठवलेले. ‘दादा, प्रो लोक एक्सच घेतात,’ हे त्याने पक्कं केलेलं. मी म्हटलं, ‘अरे, तुझं गिऱ्हाईक व्हिडिओ बघणार की डबा?’ वाद झाला, कागदावर आकडे मांडले, आणि शेवटी त्याने साधा घेतला. वाचलेल्या पैशांत रॅम १६ची ३२ जीबी केली. फोर-के क्लिप्स टाइमलाइनवर ओढताना रॅम कमी पडली की मशीन रांगायला लागतं. तिथे चार टक्क्यांचा वेग काय कामाचा?

मग एक्स कधी घ्यायचा?

सेलमध्ये दोघांचा भाव सारखा झाला आणि चांगला कूलर घरी पडून असेल, तर खुशाल घ्या. बायोसमध्ये इको मोड लावलात की तोही ६५ वॅटच्या शिस्तीत येतो. उलट, साध्यालाही बायोसमधून थोडं मोकाट सोडता येतं. भाऊ शेवटी एकाच घरातले!

गंमत म्हणजे ऑगस्ट २०२४मध्ये एएमडीने पुढच्या पिढीचा रायझन ५ ९६००एक्स आणला, तो थेट ६५ वॅटचा. नावात एक्स आहे, पण डोकं थंड. थोरल्याने धाकट्याचा गुण घेतला म्हणायचं.

तेव्हा मंडळी, दुकानात जाताना एवढंच करा. कमाल वेगातला फरक टक्क्यांत काढा, किमतीतला फरकही टक्क्यांत काढा, कूलर धरून. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. एक्स घ्यायचा की नाही हे मग सेल्समनला विचारायची गरज उरत नाही. वाचलेल्या पैशांत रॅम घ्या, चांगली खुर्ची घ्या... किंवा गोवा आहेच!