भोंगा वाजला, मोबाइल बंद झाला. आता वाचणार कोण?

ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवू न देणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आणि आपल्याकडेही ‘असं काहीतरी हवंच’ हा सूर लागला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने कायद्याची वाट पाहिली नाही. २०२२ मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. दीड तास अभ्यास, वाचन, गप्पा. आणि मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा. मला यातलं हे शेवटचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण त्या दीड तासात हातात आलेलं पुस्तक मुलाला वाचता येतं का? ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाला दुसरीच्या पातळीचा उतारा प्रादेशिक भाषेत वाचायला दिला. सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो सलग वाचता आला नाही. स्मार्टफोन वापरता येणारी मुलं मात्र ९० टक्क्यांच्या आसपास! ‘असर २०२४’मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडियासाठी फोन वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी.

या आकड्यांमागचा नववीतला एखादा मुलगा जोडाक्षरापाशी अडखळतो. ओळीवर बोट ठेवून पुढे सरकतो, तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते. वर्गात हसं होईल म्हणून तो मोठ्याने वाचायचं टाळतो. रीलला यातलं काहीच लागत नाही. बोट फिरवलं की झालं. अशा मुलाला ‘वाचनाची आवडच नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. आवड लागण्याआधी वाचन अंगवळणी पडावं लागतं, आणि ते पहिली-दुसरीत राहून गेलं की पुढच्या वर्गांत कुणी मागे वळून पाहत नाही. बंदीच्या चर्चेत हा मुलगा कुठेच नाही, याची मला खरी चिंता वाटते.

शिवाय फोन म्हणजे वाचनाचा शत्रूच, हेही मला पटत नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

पालकांनो, आज रात्री त्यातली एक गोष्ट उघडा. एक परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचा, पुढचा मुलाला वाचू द्या. अडखळला तर थांबा, रागावू नका.