कोखियाना : ब्राझीलमधील लहान टॅरँट्युलांची एक प्रजाती

प्रस्तावना : टॅरँट्युला म्हटले की तळहाताएवढा केसाळ कोळी डोळ्यांसमोर येतो. परंतु दक्षिण अमेरिकेतील काही टॅरँट्युला प्रजाती आकाराने लहान आहेत. कोखियाना ही त्यांपैकी एक होय.

विवेचन : जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग कॉख यांनी १८४२ मध्ये ब्राझीलमधील एका कोळ्याचे ‘मायगेल ब्रुनिपेस’ या नावाने वर्णन केले. ब्रुनिपेस म्हणजे तपकिरी पायांचा. त्या काळी मायगेल या नावाखाली अनेक परस्परभिन्न कोळी समाविष्ट केले जात. त्यामुळे या जातीचे वर्गीकरणातील स्थान दीर्घकाळ अनिश्चित राहिले. टॅरँट्युलांच्या ओळखीसाठी केवळ रंग पुरेसा नसतो. नर व मादीच्या जननेंद्रियांची रचना आणि उदरावरील दाहक केस तपासावे लागतात. अटलांटिक अरण्याच्या ईशान्येकडील अवशेषांत मिळालेल्या नमुन्यांच्या अभ्यासानंतर फुकुशिमा, नागाहामा व बेर्तानी यांनी २००८ मध्ये या एकाच जातीसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली आणि तिला कॉख यांचे नाव दिले.

निष्कर्ष : ऊसशेती व वसाहतींमुळे या अरण्याचे तुकडेच उरले आहेत. जुना नमुना नाव सांगतो, जिवंत प्राणी अरण्यातच भेटतो. म्हणून वर्गीकरणशास्त्रास संग्रहालय व अधिवास या दोहोंचेही जतन अत्यावश्यक ठरते.