दोषारोप व दोषमुक्ती, ख्रिस्ती धर्मातील

पापाच्या जाणिवेतून उद्‌भवणारी अपराधभावना आणि ‘आपण देवासमोर दोषी आहोत’ असा अंतःकरणात उमटणारा आरोप, यांतून ख्रिस्तावरील श्रद्धेने सुटका होते, अशी ख्रिस्ती धर्मातील शिकवण. तिची मांडणी बव्हंशी न्यायालयाच्या रूपकातून झालेली आहे.

‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ विरोधक वा आरोप करणारा असा आहे. जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात तो देवासमोर ईयोबाच्या निष्ठेविषयी शंका घेतो. तर जखऱ्याच्या ग्रंथात मळकी वस्त्रे ल्यालेल्या प्रमुख याजकाला दोष देण्यासाठी तो उभा राहतो. तेथे देव सैतानाला धमकावतो व याजकाला नवी वस्त्रे दिली जातात. नव्या करारात आरोपकर्त्याच्या विरुद्ध बाजूस ख्रिस्त आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात त्याच्यासाठी पक्ष घेणारा, वकील या अर्थाचा ग्रीक शब्द योजिला असून मराठी बायबलात त्यासाठी ‘कैवारी’ हा समर्पक शब्द आहे. ख्रिस्ताच्या ठायी असलेल्यांना दंडाज्ञा उरत नाही, असे प्रतिपादन सेंट पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात केले आहे.

चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने १२१५ मध्ये वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन करणे बंधनकारक केले. बहुतेकांना त्यातून दिलासा मिळे. तथापि काहींच्या मनात ‘एखादे पाप सांगावयाचे राहिले तर नाही ना’ ही शंका बळावे. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हे याचे ठळक उदाहरण होय. १५०५ मध्ये एरफुर्ट येथील मठात प्रवेश केल्यावर उपवास, जागरणे व दीर्घ पापनिवेदने करूनही त्याला शांती लाभली नाही. रोमकरांस पत्राच्या चिंतनातून त्याला उमगले, की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे केवळ दंड देणारा न्याय नव्हे, तर श्रद्धेने स्वीकारावयाचे दान होय. हा अनुभव त्याने १५४५ मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत कथन केला आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये केवळ श्रद्धेने नीतिमान ठरण्याचे मत अमान्य करून कृपेशी मानवाचे सहकार्य व संस्कार यांचे महत्त्व प्रतिपादिले. या प्रश्नावरील मूलभूत सहमतीचे संयुक्त घोषणापत्र रोमन कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे स्वाक्षरित केले.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण उल्लेखनीय आहे. १८८३ मध्ये इंग्‍लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही काही वर्षे आपणास आंतरिक शांती लाभली नव्हती. धर्म गवसला, परंतु ख्रिस्त गवसला नव्हता, अशा आशयाचे निवेदन त्यांनी आपल्या आत्मकथनात केले आहे.

दोषमुक्ती म्हणजे दुष्कृत्याचे समर्थन नव्हे. पश्चात्ताप व शक्य तेथे झालेल्या हानीची भरपाई या गोष्टी ख्रिस्ती नीतिशास्त्रात अपेक्षित आहेत. विशिष्ट कृत्याकडे बोट दाखवून सुधारणेस प्रवृत्त करणारी टोचणी आणि सर्वस्वी निराश करणारा मोघम आरोप, यांत ख्रिस्ती आध्यात्मिक मार्गदर्शक भेद करतात. वारंवार क्षमा मागूनही न शमणारी धार्मिक भीती ही कधी कधी भावातिरेकी-अनिवार्य विकृतीचे लक्षण असते, असे आधुनिक मानसचिकित्सा मानते. अशा वेळी धर्मोपदेशाबरोबर वैद्यकीय उपचारही आवश्यक ठरतात; विकाराला श्रद्धेची उणीव समजल्यास रुग्णाच्या मनावरील दोषारोपात भरच पडते.