राणीचा हार पांढरा पडला तेव्हा

मलबार हिलवरून रात्री खाली पाहिले की मरीन ड्राइव्हच्या वळणावर सोनेरी दिव्यांची ओळ दिसते. या ओळीमुळेच त्या रस्त्याला ‘राणीचा हार’ म्हणतात. २०१५ च्या सुरुवातीला केंद्राच्या ऊर्जाबचत मोहिमेत तिथले सोडियमचे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवले गेले आणि मुंबईकर खवळले. राजकीय पक्षांत जुंपली, वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर तिथे पिवळसर छटेचे एलईडी आले. ‘वीज वाचतेय ना, मग रंगावरून एवढा गहजब कशाला?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले होते. गेल्या दहा वर्षांत विज्ञानाने त्या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते प्रत्येक महापालिकेने आणि प्रत्येक घराने वाचावे असे आहे.

आधी एलईडीचे श्रेय त्याला देऊ. साठ वॅटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा नऊ वॅटचा एलईडी देतो. तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेत जाई. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. २०१४ मध्ये सरकारला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. गरिबाच्या घरचे बिल खरोखरच उतरले. सीएफएलमधल्या पाऱ्याचा प्रश्नही मागे पडला. रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. उच्च दाबाचा सोडियमचा दिवा एका वॅटमागे शंभर ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो, म्हणजे तो मुळातच उधळ्या नव्हता. तिथे एलईडीची खरी कमाई होते ती उजेड हवा तिथेच पाडता येतो म्हणून. दिवा तसा रोखून बसवलाच नाही, तर त्या कमाईतला मोठा हिस्सा वाया जातो.

या पांढऱ्या उजेडाच्या पोटात निळा आहे. १९९० च्या दशकात जपानमध्ये उजळ निळा एलईडी साधला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या घरातल्या ‘पांढऱ्या’ बल्बमध्ये अशाच निळ्या चिप असतात. त्यांचा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो वरचा पिवळा लेप त्यातला काही भाग पिवळ्या प्रकाशात बदलतो आणि दोन्ही मिसळून उजेड पांढरा दिसतो. लेप पातळ असेल तर उजेड थंड, निळसर पडतो. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेले असते ते हेच. लेप जाड केला की उजेड उबदार होतो आणि आकडा २७०० किंवा ३००० वर उतरतो. सोडियमचा दिवा जेमतेम २००० ते २२०० केल्विनचा.

निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते त्याचे कारणही हेच. तरंगलांबीच्या चौथ्या घाताचा नियम लावला तर ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या जवळपास तिप्पट विखुरतो. म्हणून पांढरे दिवे लागलेल्या शहरावर रात्री दुधाळ घुमट दिसतो. ख्रिस्तोफर किबा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एका उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवले की २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा उजळलेला भूभाग वर्षाला सुमारे २.२ टक्क्यांनी वाढला. उजेड स्वस्तात पडू लागला तसे आपण दिवे वाढवले. त्या उपग्रहाला निळा प्रकाश नीट दिसतच नाही, त्यामुळे काही शहरे प्रत्यक्षात उजळत असताना चित्रात अंधारलेली दिसली. पुढे किबांच्याच गटाने २०११ ते २०२२ मधल्या हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदी तपासल्या. त्या नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. त्यांतून आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे निघाले. या वेगाने, जिथे मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील.

झळ किड्यांनाही बसते. इंग्लंडमध्ये डग्लस बॉइज आणि सहकाऱ्यांनी रस्त्याकडेच्या झुडपांतले पतंगांचे सुरवंट मोजले. उजेडातल्या झुडपांत ते अंधाऱ्या जागेपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी निघाले आणि पांढऱ्या एलईडीखालची स्थिती सोडियमपेक्षा वाईट होती. ज्या पक्ष्यांची पिल्ले सुरवंटांवर पोसतात, त्यांच्या ताटातले ते अन्न आहे. आपल्याकडे भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला झुंडी जातात. काजव्याचा नर लुकलुकून मादीला साद घालतो. त्या सादेवर हॅलोजन किंवा एलईडीचा झोत पडला की ती बुडते. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले वाळूतून वर येतात आणि पाण्यावरच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. मागे गावातला दिवा जास्त झगझगीत असेल तर ती चुकीच्या दिशेला वळतात.

आणि माणूस? आपल्या डोळ्यांत दिवस-रात्र ओळखणाऱ्या काही पेशी असतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि झोप आणणारे मेलॅटोनिन रोखतात. म्हणूनच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितले, की रस्त्यावरचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याखालचे असावेत आणि झाकलेले असावेत. फ्रान्सने २०१८ च्या आदेशाने बाहेरच्या दिव्यांना ३००० केल्विनची मर्यादाच घातली. उतारवयात डोळ्याचे भिंग गढूळ होते, निळा प्रकाश त्यात पसरतो. साठीपुढचे लोक रात्री गाडी चालवताना समोरच्या पांढऱ्या दिव्याने दिपून जातात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक दुरुस्तीवाले काका बसतात. दोन वर्षांत बंद पडलेला माझा बल्ब त्यांनी माझ्यासमोर उघडला. खोक्यावर २५,००० तास लिहिले होते, म्हणजे रोज सहा तास लावला तर अकरा वर्षे. पांढरी टोपी निघाली, आत पत्र्याच्या चकतीवर पिवळे ठिपके. एका ठिपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग. “साहेब, एक गेला की सगळे बसतात,” काका म्हणाले. ठिपके एकाच माळेत ओवलेले असतात ना! त्यांनी काळ्या ठिपक्यावर कथलाचा थेंब टाकून दोन टोके जोडली, बल्ब पेटला. “पण आता बाकीच्यांवर ताण येतो. सहा महिने चालला तर नशीब.” माझ्या बल्बात चिपचा ठिपकाच जळाला होता, पण एरवी चिप सहसा टिकते, आधी दगा देतो तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. बंद काचेच्या हंडीत हा बल्ब लावला की तो भाजूनच निघतो. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर घरातले पोरही बदले. आज दहा रुपयांचा भाग बिघडला तरी अख्खा दिवा कचऱ्यात जातो आणि हा कचरा इलेक्ट्रॉनिक असतो.

स्वस्त ड्रायव्हरची आणखी एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा बल्बसमोर धरा. पडद्यावर गडद पट्टे सरकताना दिसले, तर त्या दिव्याखाली मुलांना अभ्यासाला बसवू नका. चोकची ट्यूबही लुकलुकायची, पण तारेच्या बल्बची तार तापलेली राहत असल्याने तिचा उजेड फारसा हलत नसे. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडीही स्थिर असतो, फक्त तो मागून घ्यावा लागतो.

यातला एकही दोष एलईडीच्या कपाळी लिहिलेला नाही. निविदेत फक्त वॅट आणि किंमत मोजली, रंग, झाकण, तीव्रता आणि दुरुस्ती मोजलीच नाही, याचा हा परिणाम. उलट वाट महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली रोखलेले बसवले. गावे अंधारात गेली नाहीत, आकाश तेवढे परत आले.

या दिवाळीत दिवे घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा. शयनगृह, ओटी आणि अंगणासाठी २७०० किंवा ३००० चाच मागा. वॉरंटीचे बिल जपा. सोसायटीच्या सभेत गच्चीवरचा रात्रभर जळणारा झोत रात्री दहाला बंद करण्याचा ठराव मांडा. नगरसेवक खांब बदलायला आले, तर ‘किती वॅट?’ याच्या जोडीला ‘किती केल्विन, आणि वरून झाकलेला आहे का?’ हेही विचारा. मरीन ड्राइव्हचा रंग मुंबईकरांनी असेच विचारून बदलून घेतला होता.