मागची फळी
फुटबॉलचा हंगाम जवळ आला की जो तो संघ चपळ पाय शोधू लागतो. मागची फळी सांभाळणाऱ्या जाणत्या गड्याची आठवण मात्र गोल झाल्यावरच होते. २०२० साली मुंबई सिटी संघाने निराळा विचार केला. गोव्याचे माजी प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा ह्यांस आणताना त्याने त्यांच्या परिचयाचा सेनेगली बचावपटू मुर्तदा फॉल ह्यासही गोव्याच्या संघातून आपल्याकडे घेतले. फॉलचे वय तेव्हा ३२ होते.

साथीमुळे त्या हंगामाचे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना झाले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी एटीके मोहन बागानविरुद्ध पहिला गोल ह्या बचावपटूनेच केला. मुंबई २-० अशी जिंकून साखळीत अव्वल ठरली. १३ मार्चला त्याच प्रतिस्पर्ध्यास २-१ असे नमवून तिने अंतिम विजयही मिळविला.

मागे उभ्या असलेल्या गड्यास सारे मैदान दिसते. कोणी पुढे जावे, कोणी थांबावे, हे तो हाक देऊन सांगतो. म्हणून आमच्या देडतलाईच्या तरुणांस आम्ही सुचवितो: संघ निवडताना तिशी ओलांडलेल्या गड्यास केवळ शिट्टी देऊन कडेला उभे करू नका. पाय मंदावले तरी नजर मंदावत नाही.