प्रभूभोजनाचे मेज आणि चौदा एप्रिल

मार्च-एप्रिलचे दिवस आपल्या चळवळीच्या दृष्टीने सर्वांत भरगच्च असतात. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. २० मार्च १९२७ हा महाडच्या चवदार तळ्याचा दिवस. ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. याच आठवड्यांत कोल्हापूर, सांगली, मिरज या भागातील प्रेसबिटेरियन परंपरेच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही वर्षातील सर्वांत मोठी लगबग चालू असते. दोन्हीकडे जमणारी माणसे पुष्कळदा एकाच महारवाड्यातून, एकाच मांगवाड्यातून आलेली असतात. असे असूनही चर्चच्या भिंतीआड काय चालते हे कार्यकर्त्याला माहीत नसते, आणि चौकातल्या मंडपात काय चालले आहे याची चर्चमधला माणूस चौकशी करीत नाही. मी अशाच एका मंडळीत वाढलो आणि विचाराने चळवळीत आलो. म्हणून या वसंतातल्या कार्यक्रमांची माहिती देणे आणि त्यांतून उभा राहणारा एक प्रश्न मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. ‘प्रेसबिटेरियन’ या शब्दाच्या मुळाशी ‘वडीलधारा’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. या पंथात बिशप नसतो. मंडळीतील सभासद आपल्यातूनच काही ‘वडील’ निवडतात आणि पाळक व हे वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात ती प्रेसबिटरी, आणि तिच्यावर सिनड. या सभांत पाळकाचे मत आणि वडिलाचे मत सारख्याच वजनाचे. ज्याला गावच्या चावडीत उंबऱ्याबाहेर बसावे लागे, त्याला मत देण्याचा, निवडून येण्याचा आणि ठरावावर बोलण्याचा हक्क येथे होता. ही गोष्ट लहान नव्हती, आणि टीका करण्यापूर्वी आपण ती मान्य केली पाहिजे.

महाराष्ट्रात ही परंपरा दोन वाटांनी आली. स्कॉटलंडच्या मिशनने मुंबई-पुण्यात शाळा काढल्या. जोतीराव फुले शिकले ती पुण्याची स्कॉटिश मिशनची शाळा याच पंथाची. दुसरी वाट अमेरिकन. रॉयल गोल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले, आणि त्यांनी उभे केलेले काम १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाने हाती घेतले. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे इस्पितळ याच मिशनचे. पुढे १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन होऊन ती तीत विलीन झाली. या नव्या चर्चमध्ये बिशप आले. तरी निवडलेल्या वडिलांची सवय आणि साध्या उपासनेची रीत जुन्या मंडळ्यांच्या अंगात मुरलेली आहे.

आता वसंताचा क्रम पाहू. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. १८८७ साली अमेरिकेतील मेरी जेम्स या प्रेसबिटेरियन बाईंनी स्त्रियांना प्रार्थना दिनाचे आवाहन केले, त्यातून ही चळवळ वाढली. दरवर्षी एकेका देशातील स्त्रिया उपासनेचा मसुदा तयार करतात आणि तोच जगभर वाचला जातो. आमच्याकडे या दिवशी पाळकसाहेब मागच्या बाकावर बसतात. एरवी स्वयंपाक आणि झाडलोट एवढ्यापुरत्याच दिसणाऱ्या बाया व्यासपीठावरून वाचन करतात, प्रार्थना करतात आणि दूरच्या देशातील बायांचे दुःख आपल्या भाषेत सांगतात. माझ्या आईने चारचौघांसमोर तोंड उघडले ते प्रथम याच दिवशी.

याच सुमाराला ज्वारीची सुगी होते आणि कापणीचा सण येतो. कणसांच्या पेंढ्या, हरभऱ्याचे डहाळे, गूळ, अंडी, कोंबडी, जे घरात असेल ते मेजापुढे आणून ठेवतात. उपासना आटोपली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. लिलावात एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा दान करतो. रोजगारावर जाणाऱ्या माणसाला स्वतःचे शेत नसते. तो मालकाच्या शेतातून मिळालेल्या वाट्यातली पायली आणतो. तिचाही मान तेवढाच.

त्याआधी किंवा त्याच सुमाराला राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ चालू होतो. रविवार सोडून तो चाळीस दिवसांचा. दर आठवड्याला एका घरी प्रार्थना होते. पेटी, तबला आणि टाळ यांवर भजने होतात. शेवटचा आठवडा झावळ्यांच्या रविवाराने सुरू होतो. मुले झावळ्या घेऊन गल्लीतून फेरी काढतात. गुरुवारी रात्री प्रभूभोजन. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना होते आणि वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. रविवारी पहाटे पुनरुत्थानाचा सण. अंधारातच माणसे कबरस्तानात जमतात, आपल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशी झाडून-धुऊन ठेवलेल्या असतात, आणि सूर्य उगवताना गाणी म्हटली जातात. मग एप्रिल-मे महिन्यांत सुटीतील शब्बाथ शाळा. तेथे ख्रिस्तेतर वस्तीतील मुलेही खुशाल येतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मूळ प्रेसबिटेरियन लोक हे सण पाळीतच नसत. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चने सणवार बायबलात नाहीत म्हणून मोडीत काढले. नाताळची सार्वजनिक सुटीदेखील त्या देशात १९५८ सालापासूनची. तेथील धार्मिक वर्षाचा कळस म्हणजे प्रभूभोजनाचे दिवस. गुरुवारी उपवास, शनिवारी तयारी, रविवारी भोजन, सोमवारी आभार. मंडळीतले वडील आधी घरोघर जाऊन माणसाची चौकशी करीत आणि जो योग्य ठरे त्याला शिशाचा एक छोटा बिल्ला देत. बिल्ला नसेल त्याला मेजाशी जागा नसे. म्हणजे या परंपरेचा गाभा सण हा नाही. मेज हा आहे, आणि त्या मेजावर कोण बसणार हा प्रश्न तिच्या जन्मापासूनचा आहे.

आपल्याकडे हे मेज आले तेव्हा त्याचा अर्थ कितीतरी वाढला. जेथे पाण्याला शिवू देत नव्हते तेथे एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला घोट सर्वांनी घ्यायचा होता. ब्राह्मणातून आलेला ख्रिस्ती आणि मांगातून आलेला ख्रिस्ती यांनी एकाच मेजाशी यायचे होते. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेत, त्या चहाला जो अर्थ होता, तोच अर्थ या घोटाला होता. एकत्र खाणेपिणे ही जातीची कुलपे काढण्याची किल्ली आहे, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पण मेजाची समता उपासना संपल्यावर कोठवर चालत जाते? मी लहानपणापासून पाहत आलो आहे की भोजन एकत्र होते आणि सोयरीक मात्र जुन्या जातीत पाहिली जाते. वडिलांच्या निवडणुकीत कोणत्या वस्तीची मते कोणाला, याचा हिशेब पूर्वाश्रमीच्या जातीवर होतो. म्हणजे घटना लोकशाहीची आणि मतदार जातीचा, हे जे देशाचे दुखणे आहे, तेच मंडळीचेही आहे. बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना हीच दुखरी जागा दाखविली होती: हा समाज शिकला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहिला नाही. आम्ही ते भाषण आमच्या कोणत्याही वसंतमेळाव्यात वाचल्याचे मला आठवत नाही.

२०१७ साली उत्तम शुक्रवार १४ एप्रिललाच आला. पुनरुत्थानाचा रविवार २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेवर ठरतो, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांत मागेपुढे सरकतो. १९९५ आणि २००६ सालीही हा योग आला होता. आमचे चर्च चौकापासून शंभर पावलांवर. चौकात मंडप, ध्वनिक्षेपकावर भीमगीते. बारा वाजता आमची उपासना सुरू झाली आणि पहिल्याच उद्गाराला बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येईना. एका वडिलांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितले. चैत्राचे ऊन, वर पत्रा. माणसे घामाघूम झाली. शेवटी मला चौकात पाठविण्यात आले, कारण मंडपातली निम्मी मुले माझे विद्यार्थी.

मी भीतभीतच गेलो. त्यांच्या वर्षाच्या सणाला ‘आवाज कमी करा’ म्हणून सांगायचे म्हणजे काय! मी दोन वाक्ये बोललो असेन तोच एका मुलाने कळ दाबून गाणे बंद केले. म्हणाला, “सर, तुमची प्रार्थना होईपर्यंत बंदच ठेवतो. तीनला लावतो.” आणि मागोमाग दोन मुले थंड पाण्याचे दोन जार चर्चच्या दाराशी ठेवून गेली. ते पाणी आम्ही सर्वजण प्यालो. तीन वाजता उपासना संपली. त्या मुलाने मला जाताना सांगितले होते, “संपल्यावर या सगळे. बाबांना हार घाला, मग जा.” आम्ही गेलो नाही. शोकाचा दिवस आहे, असे कोणी म्हणाले. कोणी काहीच म्हणाले नाही. मीही मागच्या गल्लीने घरी गेलो.

त्यांनी आम्हाला तीन तास दिले आणि आम्ही त्यांना तीन मिनिटे दिली नाहीत. हे का झाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. शोक हे कारण खरे नव्हते. खरे कारण भीती, आणि ही भीती कागदातून आलेली आहे.

१९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानण्यास नकार दिला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती बाहेरच राहिले. तमिळनाडूतील सूसाई नावाचा रस्त्याकडेला बसणारा चांभार १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चर्मकारांना सरकारी टपऱ्या मिळत होत्या आणि ख्रिस्ती म्हणून त्याला ती मिळाली नाही. धर्म बदलल्यावरही पूर्वीची हलाखी तशीच चालू आहे याचा पुरावा पुरेसा नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गात धरतात. पण १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यामुळे मिळत नाही. मारणारा मारताना बाप्तिस्म्याचा दाखला विचारीत नाही. फिर्याद घेणारा विचारतो.

याचा परिणाम असा की आमच्या मंडळ्यांत एकाच घरात दोन प्रकारची माणसे असतात. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात, धाकट्याच्या दाखल्यावर ख्रिस्ती. थोरला झावळ्यांच्या फेरीत छायाचित्र निघताना झावळी तोंडापुढे धरतो. धाकटा जयंतीच्या मिरवणुकीला गल्लीच्या तोंडावरून पाहतो, कारण ‘तुझा तेथे काय संबंध’ हे दोन्हीकडून ऐकावे लागेल. प्रेषित पेत्राने पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटले, ही कथा आम्ही दर उत्तम शुक्रवारी ऐकतो. आमच्या माणसांना दोन्ही दारांत ते म्हणावे लागते. दोष पेत्राचा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या अंगणात त्याला हा प्रश्न विचारला जातो त्या अंगणाचाही तो आहे.

मग करायचे काय? चर्चमधील मित्रांना माझे सांगणे असे: फुले आमच्याच पंथाच्या शाळेत शिकले, तर ११ एप्रिल हा आमच्या वसंताच्या कार्यक्रमपत्रिकेत का नसावा? जागतिक प्रार्थना दिनी परदेशातील बायांसाठी प्रार्थना करणाऱ्या माउल्यांनी २० मार्चला महाडच्या पाण्याविषयी एक वाचन करावे. कापणीच्या लिलावातील रकमेचा एक भाग वस्तीतील अभ्यासिकेला जावा, मग तेथे बसणारा मुलगा कोणत्याही धर्माचा असो. वडिलांची निवडणूक होईल तेव्हा जातीचे मत मागणाऱ्याला उघड सभेत विचारावे. यांतले काहीही श्रद्धेच्या आड येत नाही.

आणि बौद्ध व इतर कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे: ख्रिस्ती दलिताची मागणी ही आपल्या ताटातला घास काढून घेण्याची मागणी आहे, असे काही जण समजतात. वाटा वाढल्याशिवाय वाटेकरी वाढू नयेत ही चिंता खोटी नाही. ती समोरासमोर बसून सोडविली पाहिजे. परंतु जात धर्मांतराने आपोआप मरत नाही, हे १९९० मध्ये बौद्धांच्या बाबतीत कायद्याने मान्य केले. तेच सत्य ख्रिस्त्यांच्या बाबतीत नाकारले जाते तेव्हा नाकारणाऱ्याच्या बाजूला आपण बसू नये.

गेल्या काही वर्षांत मी १४ एप्रिलला सकाळी चौकात जातो, हार घालतो आणि मग उपासनेचा दिवस असेल तर चर्चमध्ये जातो. पहिल्या वर्षी माझ्याबरोबर कोणी नव्हते. पुढे दोन वडील आले, मग महिला मंडळातल्या चार-पाच जणी. खिडक्या लावून घ्यायला सांगणारे वडील अजून आलेले नाहीत. पण त्या दिवशी चर्चच्या दाराशी पाण्याचा जार ते स्वतः भरून ठेवतात आणि मिरवणुकीतल्या पोरांना हाक मारून पाणी देतात. महाड पाण्यासाठी झाले होते, एवढे त्यांना ठाऊक आहे. मेज उंबऱ्याबाहेर आणण्याचे काम तेथून सुरू करता येईल.