लंडनचे ऑल्डविच स्थानक

लंडनच्या भुयारी रेल्वेवरील ऑल्डविच स्थानक ३० नोव्हेंबर १९०७ रोजी ‘स्ट्रँड’ या नावाने सुरू झाले. रॉयल स्ट्रँड थिएटर पाडून त्या जागी ते उभारले गेले. गडद लाल चकाकत्या फरशांची त्याची दर्शनी इमारत लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाची. पिकॅडिली मार्गावरील होबर्न स्थानकापासून निघणाऱ्या छोट्या फाट्याचे हे टोक असल्याने प्रवासी सुरुवातीपासूनच कमी होते. त्यामुळे १९१४मध्ये दोनपैकी एक फलाट बंद झाला. पुढच्याच वर्षी स्थानकाला ‘ऑल्डविच’ हे नाव मिळाले.

दोन्ही महायुद्धांत हे भुयार वेगळ्याच कामी आले. पहिल्या युद्धात नॅशनल गॅलरीतील चित्रे तिथे ठेवली गेली. १९४०मध्ये गाड्या थांबवून नागरिकांना हवाई हल्ल्यांपासून आसरा देण्यात आला. ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक संगमरवरी शिल्पेही तिथेच सुरक्षित राहिली. १९४६मध्ये वाहतूक पुन्हा सुरू झाली.

१९०७च्या जुन्या लिफ्ट बदलण्याचा खर्च मोजक्या प्रवाशांसाठी परवडणारा नव्हता. म्हणून ३० सप्टेंबर १९९४ रोजी स्थानक कायमचे बंद झाले. २०११मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आता तिथे चित्रपटांचे चित्रीकरण होते आणि मार्गदर्शकासह सहलीही नेल्या जातात.